गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी आणि हाडांची झीज

घाटरस्ता सुरू होण्यापूर्वी पर्समधून एक छोटी गोळी काढून तोंडात टाकणारी माणसे प्रत्येकाच्या घरात असतात. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या या गोळ्यांपैकी बऱ्याचशा मुळात ॲलर्जीवरच्या औषधांच्या कुळातल्या, म्हणजे अँटिहिस्टामिन. मेक्लिझिन हे त्यातलेच एक जुने औषध. १९५०च्या दशकापासून ते मळमळ, चक्कर आणि प्रवासातला त्रास यांवर दिले जात आहे. २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांच्या एका गटाने ‘फ्रंटियर्स इन फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात असे मांडले की, अंडाशये काढून टाकलेल्या मादी उंदरांना मेक्लिझिन दिले, तर त्यांच्या हाडांची जी झीज व्हायची ती रोखली जाते.

असे काही कानावर आले की पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी गेलेल्या, कंबर धरून उठणाऱ्या बाईच्या मनात साधा प्रश्न येतो. गोळी घरातच आहे, स्वस्त आहे, इतकी वर्षे लोक घेत आले आहेत. मग हाडांसाठी रोज एक घेतली तर काय बिघडले? उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकावे हे बरे: घेऊ नका. बिघडू शकते, आणि तेही नेमके हाडांचेच.

हे नीट समजण्यासाठी उंदरांवरच्या त्या कामाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण ते काम टाकाऊ नाही. हाड ही जिवंत वस्तू आहे. हाड कुरतडणाऱ्या पेशी आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी आयुष्यभर शेजारीशेजारी राबत असतात. रस्ता खणणारी टोळी आणि तो बुजवणारी टोळी एकाच वेगाने काम करत असेल तर रस्ता शाबूत राहतो, तसेच हे. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि खणणाऱ्यांचा वेग वाढतो. अंडाशये काढलेली मादी उंदीर ही प्रयोगशाळेतली रजोनिवृत्ती, म्हणून हाडांवरच्या कुठल्याही नव्या औषधाची पहिली परीक्षा बहुधा तिच्यावरच होते. कुरतडणाऱ्या पेशी तयार होण्यासाठी आरएएनकेएल नावाच्या एका प्रथिनाचा इशारा लागतो. मेक्लिझिनमुळे या पेशींची निर्मिती मंदावते आणि त्यामागे पीएक्सआर नावाचा पेशीतला ग्राही (रिसेप्टर) काही अंशी असतो, असा त्या निबंधाचा निष्कर्ष. ‘काही अंशी’ हे शब्द निबंधाच्या शीर्षकातच आहेत. हा प्रामाणिकपणा बातमीपर्यंत सहसा पोचत नाही.

यातून एक गोष्ट लगेच निघते. पीएक्सआर हा हिस्टामिनचा ग्राही नव्हे. म्हणजे मेक्लिझिनने उंदराचे हाड वाचवले, ते निदान काही प्रमाणात तरी ‘अँटिहिस्टामिन’ म्हणून नव्हे, तर वेगळ्याच वाटेने. त्यामुळे सर्दीची, पित्त उठल्यावरची किंवा खाजेची कुठलीही गोळी हाच गुण दाखवेल असे मानायला आधार उरत नाही. सिट्रिझिन घेणाऱ्याने या निबंधावरून खूश होण्याचे कारण नाही आणि घाबरण्याचेही नाही.

हिस्टामिनचा हाडांशी संबंध नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध आला होता. ज्या उंदरांच्या शरीरात हिस्टामिन तयारच होऊ नये अशी जनुकीय व्यवस्था केली होती, त्यांची अंडाशये काढल्यावर हाडे इतर उंदरांपेक्षा चांगली टिकली. माणसातही एक दुर्मीळ आजार आहे, मॅस्टोसायटोसिस. त्यात हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशी शरीरात फाजील वाढतात, आणि अशा रुग्णांची हाडे तुलनेने तरुण वयातच ठिसूळ होतात, मणके दबतात. तेव्हा धागा खरा आहे. पण धागा सापडणे आणि औषध सापडणे यांत बरीच वर्षे आणि बरीच माणसे असतात.

उंदीर आणि माणूस यांतले अंतर किती असू शकते, याचे उदाहरण मेक्लिझिननेच देऊन ठेवले आहे. पीएक्सआरचा एक जवळचा भाऊबंद ग्राही आहे, सीएआर. उंदराच्या सीएआरला मेक्लिझिन चालना देते आणि माणसाच्या सीएआरला तेच औषध दाबून टाकते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. औषध तेच, ग्राही त्याच नावाचा, परिणाम उलटा. हाडांच्या बाबतीत असेच घडेल असे नाही. पण ‘उंदरात झाले म्हणजे आपल्यातही होणार’ या तर्कात किती दम आहे, हे कळायला एवढे पुरे.

आधी अशी आशा लागून ती विरल्याचे उदाहरणही फार जुने नाही. १९९९ मध्ये टेक्सासमधल्या ग्रेगरी मंडी यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवले की, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गटातली औषधे उंदीरवर्गातल्या प्राण्यांत नवे हाड तयार करायला मदत करतात. केवढा गाजावाजा झाला! लाखो माणसे स्टॅटिन घेतच होती, त्यामुळे एका गोळीत हृदय आणि हाडे दोन्ही, असा हिशेब मांडणे सोपे होते. पुढे माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या. सतरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या ‘ज्युपिटर’ चाचणीतल्या माहितीवरून २०१५ मध्ये जो निष्कर्ष निघाला, तो असा की रोसुव्हास्टॅटिनने हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही. स्टॅटिन आजही उत्तम औषध आहे, हृदयासाठी.

आणखी एक गोष्ट हाडांच्या प्रत्येक बातमीला लावून पाहावी. बातमीत ‘घनता वाढली’ असे लिहिले आहे की ‘फ्रॅक्चर कमी झाले’ असे? १९९०चा फ्लोराइडचा प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिले. कमरेच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. तरीही मणके मोडायचे थांबले नाहीत आणि हातापायांची, खुब्याची फ्रॅक्चर उलट वाढली. हाड दाट झाले, पण मजबूत झाले नाही. उंदराच्या मांडीच्या हाडाचे स्कॅन कितीही सुरेख दिसले, तरी आपल्याला हवे असलेले उत्तर त्यात नसते.

मेक्लिझिनचे एक काम मात्र माणसांपर्यंत रीतसर पोचले आहे, आणि ते वेगळ्याच दिशेचे आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच मान्यता मिळालेली हजाराहून अधिक औषधे चाळून त्यातून मेक्लिझिन वेचले. हाडांची लांबी खुंटवणाऱ्या अकॉन्ड्रोप्लासिया या जन्मजात विकारात ते उपयोगी पडेल का, हे त्यांनी आधी पेशींवर, मग उंदरांवर पाहिले आणि त्यानंतर मुलांवर प्राथमिक चाचण्या सुरू केल्या. एक-एक पायरी, मापून दिलेला डोस, रक्तातली पातळी तपासत. जुन्या औषधाला नवे काम द्यायचे तर ते असे. आपण पर्समधली पट्टी उघडून करतो त्याला प्रयोगही म्हणता येत नाही, कारण त्यात मोजणारे कोणी नसते.

रात्री अडीच वाजताचा प्रश्न

आता हाडांचेच नुकसान होऊ शकते, असे का म्हटले ते. म्हातारपणी खुब्याचे हाड बहुतेक वेळा आपोआप मोडत नाही. माणूस पडतो आणि मग ते मोडते. मेक्लिझिन आणि त्याच्या पिढीतली इतर अँटिहिस्टामिन मेंदूत शिरतात. गुंगी येते, तोल जातो, नजर किंचित धूसर होते, तोंड कोरडे पडते, लघवी अडकते, वयस्कांत गोंधळलेपणही येऊ शकते. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीची ‘बीअर्स निकष’ नावाची एक यादी आहे, वृद्धांमध्ये शक्यतो टाळायच्या औषधांची. मेक्लिझिन त्या यादीत आहे. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्झिझिन, डायफेनहायड्रामिन हीसुद्धा आहेत. ही नावे अनोळखी वाटतील, पण औषधे अनोळखी नाहीत. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते, खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत डायफेनहायड्रामिन असते, खाजेवर हायड्रॉक्झिझिन दिले जाते आणि गाडी लागण्यावरची घरोघर ठाऊक असलेली ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिनच.

रात्री नऊला सर्दीची गोळी घेतलेली सत्तरीची आजी अडीच वाजता लघवीला उठते. दिवा लावून कोणाची झोप मोडायला नको म्हणून अंधारातच चालते. मोरीतली फरशी ओली. अँटिहिस्टामिन आणि हाडे यांचा सगळ्यात काळजी करण्याजोगा संबंध माझ्या मते इथे आहे. पेशींतल्या ग्राहींचा नंबर फार नंतर लागतो.

म्हणून घरात साठीपुढचे माणूस असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी बरोबर न्या: रोजच्या, अधूनमधूनच्या, शेजाऱ्यांनी दिलेल्या, मुलाने परदेशातून आणलेल्या गोळ्यांसकट. पट्टीवरचे मोठे ठळक नाव कंपनीने दिलेले असते. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषधाचे नाव वाचायचे. गुंगी आणणारी दोन औषधे एकाच वेळी चालू आहेत का, एवढाच प्रश्न विचारला तरी बरेच काम होते. सर्दीची गोळी, झोपेची गोळी आणि खाजेची गोळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असू शकते, आणि तिघांपैकी कोणाचेच चुकलेले नसते. ॲलर्जीसाठी रोज औषध लागतच असेल, तर फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारख्या नंतरच्या पिढीतल्या औषधांनी गुंगी बरीच कमी येते. सिट्रिझिन आणि लिव्होसिट्रिझिनने काहींना येते. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारून. चालू औषध एकाएकी स्वतःच बंद करू नका. आणि वर्षातून दोनदा गावी जाताना घेतलेल्या एखाद्या गोळीचा बाऊही करायला नको. फक्त ती घेऊन स्वतः गाडी चालवू नये, तिच्या जोडीला दारू घेऊ नये, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी विचारावे.

चक्कर कुठली?

मेक्लिझिन आणि तत्सम गोळ्या आपल्याकडे लोक महिनोन्महिने घेतात ते चक्करेसाठी, आणि इथे हाडांचा विषय अनपेक्षितपणे परत येतो. कूस बदलताना, उशीवर डोके टेकताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरकन फिरते, काही सेकंदांत थांबते, पुन्हा तशीच हालचाल केली की पुन्हा फिरते. ही बहुधा कानाच्या आतल्या भागातली चक्कर असते. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात; ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळ्यांत गेले की मेंदूला चुकीचे इशारे मिळतात. ‘बीपीपीव्ही’ असे याचे छोटे नाव. यावरचा खरा उपाय गोळी नाही. डॉक्टर तुम्हाला पलंगावर आडवे करून, डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागी नेतात. एप्ली पद्धत म्हणतात तिला. काही मिनिटांचे काम असते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत या चक्करेसाठी अँटिहिस्टामिनसारखी औषधे सरसकट देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

ज्यांना ही चक्कर वारंवार येते, त्यांच्यात हाडांची घनता कमी असणे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता असणे जास्त दिसते. दक्षिण कोरियातल्या आठ रुग्णालयांनी मिळून केलेली एक चाचणी २०२० मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आली. चक्कर बरी झालेल्या, पण ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना वर्षभर दिवसातून दोनदा ४०० युनिट ड जीवनसत्त्व आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दिले, तेव्हा चक्कर परत येण्याचे प्रमाण जवळपास २४ टक्क्यांनी घटले. हा प्रयोग उंदरांवरचा नव्हे, माणसांवरचा. तेव्हा साठीच्या आसपासची बाई वर्षभर चक्करेची गोळी घेत असेल, तर खरे तर तिचा कान तपासायला हवा, ड जीवनसत्त्व मोजायला हवे आणि हाडांची घनताही पाहायला हवी. गोळी या तिन्हींवर पांघरूण घालते आणि वर पडण्याचा धोका वाढवते.

एक खुलासा इथेच. भारतात चक्करेवर सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक म्हणजे बीटाहिस्टिन. ते अँटिहिस्टामिन नाही. त्याची रचनाच हिस्टामिनसारखी आहे. दुसरे सिनारिझिन, ते अँटिहिस्टामिन आहे, पण वृद्धांत दीर्घकाळ घेतल्यास त्याने हात थरथरणे, हालचाली मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. ‘चक्करेची गोळी’ या एकाच नावाखाली अशी अगदी वेगवेगळी औषधे राहतात, म्हणून मेक्लिझिनबद्दल वाचलेले भलत्याच पट्टीला लावू नका.

ॲलर्जीच्या रुग्णाची हाडे खरोखर कोण पोखरते, असे विचाराल तर बोट स्टेरॉइडकडे जाते. प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन. दमा, सर्वांगावरची गांध, जुनाट खाज यांवर ही औषधे जादूसारखा आराम देतात, म्हणून माणूस चिठ्ठी दाखवून, पुढे तर चिठ्ठीशिवायच, तीच गोळी परत परत आणतो. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांचा धोका तपासावा, असे अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेचे मार्गदर्शन आहे. दम्यासाठी नाव-गाव नसलेल्या पुड्या घेत असाल, तर त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता डॉक्टरांना जरूर बोलून दाखवा. उलट, सांगितलेल्या प्रमाणात घेतलेला इन्हेलर किंवा नाकातला फवारा हाडांच्या धास्तीने सोडू नका. त्यातून शरीरात जाणारे प्रमाण फार कमी असते, आणि दमा बिघडला की पोटातून स्टेरॉइड घेण्याची वेळ येते. पोटातून चालू असलेले स्टेरॉइडही एका दिवसात बंद करायचे नसते, ते हळूहळू कमी करावे लागते.

जाता जाता आम्लपित्ताच्या गोळ्यांविषयी. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन हीही अँटिहिस्टामिनच, फक्त पोटातल्या ग्राहींवर काम करणारी. आज बहुतेकांच्या घरी त्यांची जागा पँटोप्राझोल-ओमेप्राझोलने घेतली आहे. या गटाचा दीर्घकाळ किंवा जास्त डोसमध्ये वापर केल्यास फ्रॅक्चरचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये दिला होता. वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी ही गोळी घेणाऱ्यांनी ती अजून लागते का, हे विचारावे. कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषले जायला पोटातले आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यावे. आम्ल दाबणारी गोळी चालूच असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरे पडते.

मेक्लिझिनने उंदरांत जे साधले असे दिसते, ते माणसांत साधणारी औषधे तयार आहेत आणि त्यांनी फ्रॅक्चर कमी होतात हे सिद्ध झाले आहे. २०१० मध्ये मान्यता मिळालेले डेनोसुमॅब तर थेट आरएएनकेएललाच रोखते. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. मात्र तारीख चुकवून चालत नाही, कारण ते मध्येच सोडले तर झीज उसळून परत येते आणि मणके मोडू शकतात. आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी स्वस्त आहे. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिडही आहे. कोणाला काय, हे मूत्रपिंड, दात आणि आधीची फ्रॅक्चर पाहून ठरते.

आहाराबद्दल इतके लिहिले जाते की दोनच आकडे देणे पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वाटी-दोन वाट्या दही-ताक यांनी बरीच मजल मारता येते. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या पुड्या मात्र स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेत राहू नका.

तपासणीला जायचे ते हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनसाठी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ झाली आहेत, असे निदान होते. शिबिरांत टाचेला यंत्र लावून जो आकडा देतात त्यावर निदान ठरत नाही, आणि त्याच टेबलावर विकायला ठेवलेल्या डब्याची खरेदी तर मुळीच ठरवू नये. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले असेल, आईचा खुबा मोडलेला असेल, पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर पासष्टीची वाट न पाहता स्कॅन करून घ्या. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा आणि जुना अहवाल बरोबर न्या; वेगळ्या यंत्रावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.